यजमान

चुनखडीच्या टेकडीवर, दोन गवतांमधल्या उघड्या मातीत टोनिनिया नावाचे शैवाक वाढते. निळसर करडे, फुगीर खवले. त्यांवर पिठूळ पांढरा थर. मधून मधून काळ्या टिकल्या. सारा संसार दोन-तीन सेंटिमीटरचा.

यातल्या एखाद्या खवल्यावर पिवळा ठिपका दिसू लागतो. ती फुल्जेन्सिया ब्रॅक्टिआटा. तीही शैवाकच. कोवळ्या वयात ती पुष्कळदा टोनिनियावर बसते आणि तिच्या अंगावर पसरत जाते. खालचा खवला मरतो. त्याची जागा पिवळा थर घेतो. त्यावर नारिंगी-तांबड्या चकत्या धरतात. तोवर तिला यजमानाची गरज उरलेली नसते.

हे पाहायला जमिनीवर पालथे पडावे लागते. डोळ्याला दहापट भिंग लावावे लागते. उभ्या माणसाला फक्त पिवळट डाग दिसतो. या दोघींमधल्या व्यवहाराचा सविस्तर अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर दोघींच्या जागा कमी होऊ लागून बराच काळ लोटला होता.

शैवाक हा एक जीव नव्हे. बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात. बुरशी आसरा देते, शैवाल उन्हातून अन्न तयार करते. सिमॉन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ मध्ये हे प्रथम मांडले. त्याच्या मते बुरशी ही धनीण, शैवाल तिचे गुलाम. शैवाक म्हणजे मुळात एक परजीवी, असे त्याचे म्हणणे. त्या हिशेबाने फुल्जेन्सिया ही परजीवीवर जगणारी परजीवी.

याच जमिनीवर डिप्लोस्किस्टेस मस्कोरम असते. त्याचा यजमान क्लॅडोनिया. सुरुवातीला ते क्लॅडोनियाच्या खवल्यात शिरते आणि तिचेच शैवाल वापरते. जम बसला की ते शैवाल टाकून दुसऱ्या जातीचे घेते. चोरीचा माल फार दिवस घरात ठेवत नाही. १९८७ मध्ये हे सिद्ध झाले. डिप्लोस्किस्टेस अजून बऱ्याच ठिकाणी टिकून आहे.

फुल्जेन्सिया ओळखायची एक जुनी रीत आहे. काचेच्या नळीने तिच्यावर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणाचा थेंब सोडायचा. पिवळा रंग बघता बघता जांभळट लाल होतो. संग्रहालयातल्या जुन्या वाळक्या नमुन्यावरही होतो. नमुना जिथून आणला ती टेकडी आता नांगरलेली असली तरी होतो.

मध्य जर्मनीतल्या किफहॉइझर डोंगराच्या दक्षिण उतारावर जिप्समचे उघडे कडे आहेत. तिथे फुल्जेन्सियाची पिवळी, सोराची विटकरी, टोनिनियाची निळसर करडी आणि इतर काही पांढरी शैवाके एकत्र आढळतात. विसाव्या शतकाच्या मध्यात जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी या मेळाला रंगीत मृदा-शैवाकांचा समूह असे नाव दिले. त्या समूहातली बहुतेक नावे आज जर्मनीच्या लाल यादीत आहेत.

ही शैवाके सावलीत जगत नाहीत. गवताखाली जगत नाहीत. पालापाचोळ्याखाली जगत नाहीत. वर्षाला काही मिलिमीटरहून जास्त क्वचितच वाढतात. त्यांना गवताशी शर्यत लावता येत नाही. जिथे गवत पोसत नाही तिथेच त्यांचे भागते.

म्हणून त्यांना मेंढ्या लागत.

दक्षिण आणि मध्य जर्मनीत कळप फिरवणारे मेंढपाळ होते. दिवसा कळप चुनखडीच्या टेकड्यांवर चरे. रात्री शेतकऱ्याच्या वावरात बसे. वावरात मेंढ्या बसवण्याचा हक्क लिलावात जाई. खत मिळे म्हणून शेतकरी मेंढपाळाला मोबदला देत. कोरडवाहू महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. जर्मनीतही हिशेब तोच होता. टेकडीवरचे गवत दिवसा पोटात जाई आणि रात्री लेंड्यांच्या रूपाने खालच्या शेतात पडे. शेत सुधारे. टेकडी वर्षानुवर्षे गरीब राहत असे. खुरांनी मातीही थोडी उकरली जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मन राज्यांत दोन कोटींहून अधिक मेंढ्या होत्या. आज जर्मनीत सुमारे पंधरा लाख आहेत. लोकर ऑस्ट्रेलियातून येऊ लागली. पुढे लोकरीचाच भाव गेला. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त झाली. मेंढपाळांची मुले दुसऱ्या कामांना लागली.

कळप थांबले त्या टेकड्यांवर आधी उंच गवत आले. मग काटेरी झुडपे. मग पाइन. काही टेकड्यांवर पाइन मुद्दाम लावले. त्या काळी उघडी टेकडी म्हणजे वाया गेलेली जमीन, असा हिशेब होता.

खताची ने-आणही उलटी झाली. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याचा पहिला मोठा कारखाना १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे सुरू झाला. शेतकऱ्याला मेंढ्या बसवायची गरज राहिली नाही. शेतात टाकलेल्या खतातला, गोठ्यांतल्या शेणमुतातला, मोटारींच्या धुरातला नायट्रोजन हवेत जातो आणि पावसाबरोबर सगळीकडे उतरतो. टेकडीवरही उतरतो. तिथे कुणी काही टाकत नाही, तरी खत पडते.

कुंपण घातलेल्या राखीव टेकडीवरही पडते.

अशी उघडी जमीन इंग्लंडातही होती. इंग्लंडच्या पूर्वेला नॉरफक आणि सफक या परगण्यांच्या सीमेवर ब्रेकलँड आहे. सुमारे हजार चौरस किलोमीटर. खाली चुनखडी, वर वाळू. पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास. इंग्लंडच्या मानाने फार कमी. इथली जमीन चार-दोन वर्षे कसत, मग बरीच वर्षे पडीक टाकत. पडीक टाकण्याची ती पद्धत गेली. जमीन एक तर कायमची नांगराखाली आली किंवा कायमची सुटली.

१६६८ मध्ये सँटन डाउनम या गावावर वाळू चालून आल्याची हकिगत लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली गेली. वाऱ्याने उडालेली वाळू मैलोगणती सरकत आली होती. घरे बुजली होती. नदीचे पात्र अडले होते. गावकऱ्यांनी झाडाझुडपांची कुंपणे घालून तिला थोपवले. पुढच्या शतकांत आणखी झाडे लावली. आता ब्रेकलँडमध्ये वाळू उडत नाही. उडालेल्या वाळूच्या जागी जी उघडी जमीन निघायची, ती निघत नाही.

ससे इथे नॉर्मन लोकांनी आणले. मठांनी आणि जमीनदारांनी त्यांची राखीव कुरणे केली. मांसासाठी आणि कातड्यासाठी. थेटफर्डजवळ सशांच्या राखणदाराचे दगडी घर उभे आहे. इ. स. १४०० च्या सुमाराचे. भिंती किल्ल्यासारख्या जाड. चोरांचा उपद्रव इतका होता. ब्रँडन गावात सशाच्या केसांपासून टोप्यांचे फेल्ट बनत असे. राखणदार गेले. फेल्टचे कारखाने बंद पडले. टोप्या घालण्याची चाल संपली.

ससे मात्र राहिले होते. त्यांनी गवत जमिनीबरोबर खाऊन ठेवले होते. बिळे उकरताना खालची चुनखडी वर येत होती. तिच्यावर शैवाके धरत होती. ब्रेकलँडच्या जुन्या नोंदींत टोनिनिया आहे, फुल्जेन्सियाची सख्खी बहीण फुल्जेन्सिया फुल्गेन्स आहे, डिप्लोस्किस्टेस आहे.

केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ए. एस. वॉट यांनी ब्रेकलँडमधल्या लेकनहीथच्या कुरणात काही चौकोन कुंपण घालून सशांपासून तोडले. वर्षानुवर्षे ते तिथे जाऊन काडी काडी मोजत राहिले. कुंपणाबाहेर शैवाके आणि खुरटे गवत होते. कुंपणात गवत वाढून इतर सारे दडपले गेले.

१९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस हा सशांचा रोग इंग्लंडात केंट परगण्यात पोचला. दोन वर्षांत ब्रिटनमधले शंभरातले नव्व्याण्णव ससे मेले. कुंपणात जे झाले होते ते कुंपणाबाहेरही होऊ लागले.

ससे नंतर सावरले. मग १९९० च्या दशकात रक्तस्रावाचा रोग आला. त्यानंतर त्याच रोगाचा दुसरा विषाणू आला. १९९६ ते २०१८ या काळात ब्रिटनमधल्या सशांची संख्या निम्म्याहून जास्त घटली. ज्या स्पेन-पोर्तुगालातून हा ससा जगभर गेला, तिथेच तो इतका कमी झाला की २०१९ मध्ये त्याचे नाव आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटग्रस्त म्हणून आले. शेतकरी त्याला अजून उपद्रवी म्हणतात.

थेटफर्डचे जंगल १९२२ पासून लावायला घेतले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला लाकूड कमी पडले होते. आज ते सुमारे १९ हजार हेक्टर आहे. सरळ ओळींत पाइन. खाली सुयांचा जाड थर. त्या थराखाली जुनी कुरणे आहेत.

ग्रेट बस्टर्ड हा मोठा पक्षी ब्रेकलँडच्या माळांवर होता. सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झाले, त्या माळढोकाचा हा नातलग. ब्रिटनमधला शेवटचा १८३२ मध्ये संपला, असे मानतात.

 

स्वीडनच्या एलांड बेटावरही असाच एक माळ आहे, मोठा आल्वार. सपाट चुनखडी, वर बोटभर माती. सुमारे २६० चौरस किलोमीटर. कार्ल लिनीअस १७४१ च्या उन्हाळ्यात इथून फिरला. त्याने पाहिलेला आल्वार जवळजवळ उघडा होता. गुरे, घोडे, मेंढ्या सगळे त्याच्यावर चरत. सरपणासाठी झुडूप शिल्लक राहत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेटावरची हजारो माणसे अमेरिकेला गेली. बेटावर एके काळी दोन हजारांच्या घरात पवनचक्क्या होत्या. साडेतीनशेच्या आसपास उरल्या. गुरे कमी झाली. विसाव्या शतकात जुनिपरची झुडपे आल्वारवर पसरली. २००० मध्ये युनेस्कोने दक्षिण एलांडचा शेतीप्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्याच सुमारास झुडपे तोडायला आणि गुरे परत सोडायला सरकारी पैसा मिळू लागला. आता आल्वारवरची गाय अनुदानावर चरते. पूर्वी ती दुधासाठी चरत होती.

शैवाकांचा नाहीसेपणा प्रथम शहरांत लक्षात आला. माळांकडे तोवर कुणाचे लक्ष नव्हते.

विल्यम नायलँडर हा फिनलंडचा माणूस पॅरिसमध्ये राहत होता. १८६६ मध्ये त्याने लक्झेंबर्ग बागेतल्या झाडांवरच्या शैवाकांची यादी प्रसिद्ध केली. शहरात इतरत्र ती नाहीत आणि बागेत आहेत, यावरून हवेची पारख करता येईल, असे त्याने लिहिले. १८९६ मध्ये त्याने लिहिले की बागेतलीही गेली. श्वेंडेनरचे म्हणणे त्याने कधी मान्य केले नाही. बहुतेक सहकाऱ्यांशी त्याचे फाटले होते. आपला संग्रह त्याने निवृत्तिवेतनाच्या बदल्यात हेलसिंकीच्या विद्यापीठाला देऊ केला होता. १८९९ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला. संग्रह हेलसिंकीला गेला.

बागेत १९९० च्या सुमारास पुन्हा काही शैवाके मोजली गेली. कोळशाचा धूर संपला होता. शहरांतल्या खोडांवर आज नायट्रोजन सोसणारी, भडक नारिंगी आणि राखाडी शैवाके जास्त दिसतात. नायलँडरच्या यादीतली सगळी परतलेली नाहीत.

लेकॅनोरा कोनिझिऑइडिस ही उलट चालीची. गंधकाचा धूर तिला मानवला. १८६० च्या दशकाआधीचे तिचे खात्रीचे नमुने सापडत नाहीत. गिरण्यांच्या गावांत बाकी सारी शैवाके मेली तेव्हा झाडे, कुंपणे, फळ्या सगळीकडे हिच्या हिरवट करड्या खपल्या धरल्या. इंग्लंडात आणि हॉलंडात तिच्याएवढे सर्रास दिसणारे शैवाक दुसरे नव्हते. १९७० नंतर ब्रिटनच्या हवेतला गंधक ९५ टक्क्यांहून अधिक घटला. लेकॅनोराही घटली. आता ती शोधावी लागते. ती गेल्याचे वाईट वाटणारे फार थोडे. तिच्यावर जाळे पसरून तिला खाणारी अथेलिया नावाची एक बुरशी आहे. शहरातल्या खोडांवर त्या बुरशीची पांढरी वर्तुळे दिसत. तिला दुसरे यजमान आहेत, ती तगली.

सगळ्यांना दुसरे यजमान नसतात. लोबेरिया पल्मोनॅरिया हे युरोपातल्या जुन्या रानांतले मोठे, हिरवे, फुप्फुसासारखे दिसणारे शैवाक. मध्ययुगातले वैद्य छातीच्या दुखण्यावर देत. जुने रान तोडले की ते जाते आणि नव्या रानात लवकर येत नाही. त्याच्यावर प्लेक्टोकार्पॉन नावाची काळी बुरशी गाठी धरते. लोबेरिया जिथे आहे त्यातल्या थोड्याच ठिकाणी ती असते. लोबेरिया कमी होत गेली की ही बुरशी लोबेरियाच्या आधी संपते. युरोपातल्या अनेक देशांत लोबेरियाला कायद्याचे संरक्षण आहे. कायद्यात बुरशीचे नाव नाही.

कॅलिफोर्नियातली कॉन्डॉर गिधाडे संपत आली तेव्हा १९८७ मध्ये रानातली शेवटची पकडून पिंजऱ्यात आणली. त्यांच्या अंगावरच्या उवा औषधाने मारल्या. कॉन्डॉर वाचला. त्याच्यावरच जगणारी उवेची एक जात तेव्हापासून कुणाला सापडलेली नाही. वाघासाठी अभयारण्य होते, गोचिडीसाठी होत नाही. इतके साधे हे आहे. फुल्जेन्सिया देखणी आहे, म्हणून तिच्याबद्दल निदान लिहिले गेले.

एल्मची झाडेही अशीच यजमान. १९७० नंतरच्या साथीत ब्रिटनमधली अडीच कोटींहून अधिक मेली. रोगाची बुरशी परदेशातून आलेल्या लाकडाबरोबर आली. एल्मच्या चुनायुक्त सालीवर जगणारी, नारिंगी फळांची एक कॅलोप्लाका होती. ती दुर्मीळ झाली. एल्मवरची काही शैवाके ॲशच्या झाडांवर तगून होती. २०१२ मध्ये ॲशचा मर रोग ब्रिटनमध्ये नोंदला गेला.

आपल्याकडचे दगडफूल हेही शैवाकच. गोड्या मसाल्यात ते लागतेच. सह्याद्रीतून आणि हिमालयातून ते झाडांच्या सालीवरून आणि दगडांवरून खरवडून आणतात आणि पोत्यांनी विकतात. एका पोत्यात कित्येक जाती असतात. त्यांच्यावर जगणाऱ्या बुरश्याही त्याच पोत्यात असतात. मसाला भाजताना त्यांची वेगळी नोंद होत नाही. जंगलात ती क्वचितच झाली असेल.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत शैवाकांचा मोठा संग्रह आहे. पी. जी. पटवर्धन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो सह्याद्रीत फिरून उभा केला. पाकिटावर ठिकाण, झाड, उंची, तारीख. लखनौला डी. डी. अवस्थींनी असाच संग्रह केला. भिंगाखाली जात ओळखणारी ती पिढी आता नाही.

योझेफ प्योल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने परजीवी शैवाकांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. कोण कुणावर जगते, कुठल्या वयात, किती काळ. तो १९९५ मध्ये ऑस्ट्रियात ग्राट्स येथे वारला. फुल्जेन्सिया आणि टोनिनियावरचा तो अभ्यास त्याच वर्षी छापला गेला.

१ मार्च १९४३ च्या रात्री बर्लिनवर बॉम्ब पडले. डालेमच्या वनस्पती संग्रहालयाला आग लागली. शतकाहून अधिक काळ जमवलेले नमुने जळाले. शैवाकांचा बराच मोठा भाग त्यात गेला. ज्या पहिल्या नमुन्यांवरून जातींना नावे दिली होती, त्यांतलेही कित्येक होते. त्यानंतर शंका आली तर मूळ नमुना काढून पाहायची सोय राहिली नाही.

२०१३ मध्ये फुल्जेन्सिया हे नावही गेले. डीएनएच्या आधारे नारिंगी शैवाकांच्या साऱ्या कुळाची फेरमांडणी झाली आणि तिला गायालोलेकिया या प्रजातीत घातले. टोनिनियाची ही जात आता अनेक याद्यांत थॅलॉइडिमा म्हणून सापडते. लाल याद्यांत काही ठिकाणी जुने नाव आहे, काही ठिकाणी नवे. पाकिटांवरच्या चिठ्ठ्यांवर जुनेच आहे.

नव्या याद्यांत आणखी एक बदल झाला आहे. पूर्वीच्या नोंदींत ठिकाणापुढे ‘विपुल’ असा शेरा असे. आता तिथे आकडा असतो. आकडा लहान असल्यामुळे मोजता येतो.

ब्रेकलँडमध्ये आता काही ठिकाणी यंत्राने वरचा थर खरवडून काढतात. गवत, मुळे, त्यात साठलेला नायट्रोजन, सगळे ट्रॉलीत भरून बाहेर नेतात. खाली उघडी वाळू आणि चुनखडी निघते. दुर्मीळ फुलझाडे आणि भुंगे तिथे येतात. एके काळी हेच काम ससे, मेंढ्या, नांगर आणि वारा मिळून करत होते. त्याचा खर्च कुणाच्या नावावर पडत नव्हता. उघड्या जमिनीवर शैवाक यायचे तर आसपास त्याचे बीजाणू असावे लागतात. परजीवीला त्याआधी यजमान आलेला असावा लागतो.

फुल्जेन्सिया फुल्गेन्सची ब्रिटनमधली उरलेली ठिकाणे आता बहुतेक समुद्रकाठची आहेत. तिथे वाळू अजून हलते. वाळूच्या टेकड्या स्थिर व्हाव्यात म्हणून तिथेही पूर्वी गवत लावत.

रंगीत मृदा-शैवाकांच्या मेळात ब्युलिया आस्टेरेला ही एक. पांढरी, चांदणीसारखी कडा, मध्ये काळ्या टिकल्या. प्योल्ट आणि त्याच्या सहकाऱ्याने १९७४ मध्ये तिला हे नाव दिले. मध्य युरोपात तिच्या जुन्या नोंदी आहेत. अलीकडच्या नोंदी नॉर्वेच्या एका कोरड्या खोऱ्यातल्या मोजक्या जागांच्या आहेत. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती अतिसंकटग्रस्त आहे. ब्रेकलँडमध्ये ती होती. गेल्या काही दशकांत तिथे शोधूनही कुणाला दिसलेली नाही. ब्रिटनच्या वन्यजीव कायद्याच्या आठव्या परिशिष्टात तिचे नाव अजून आहे. तिला मुद्दाम तोडणे, उपटणे, नष्ट करणे किंवा विकणे हा गुन्हा आहे.